काळ्या फोनातले चौकोन

आमच्या मोलो गावात मयताहून कोणी सरळ घरी जात नाही. मेलेला माणूस मागोमाग येत असतो, म्हणून वाटेत कुठेतरी टेकायचं, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि तो जरा रमला की आपण गुपचूप निघायचं. जिवंत पाहुण्यांनाही आम्ही असंच चुकवतो, त्यामुळे सगळ्यांना सवय आहे.

शवपेट्या ठेवतात त्या सभागृहासमोर पूर्वी बाचोयचं हॉटेल होतं. लोक शेवयांचं ते गरम सूप पीत, तोंड पुसत आणि मेलेल्याला बाकावर बसवून सटकत. मग हॉटेल बंद पडलं. मालक म्हणतो, भाडं वाढलं. त्याची बायको म्हणते, रिकाम्या बाकावर बसताना गिऱ्हाइकं ‘जरा सरकता का’ म्हणायला लागली होती. ते काही असो, त्या जागेत फोनचं दुकान आलं. काचेचं दार, गार हवा, बसायला स्टुलं आणि काहीही विकत न घेता कितीही वेळ उभं राहायची सोय. मयताहून परतणाऱ्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

फोन विकायला रेमालिन नावाची मुलगी होती. तिचं दुःख वेगळंच होतं. वर्षभरात अर्धा मोलो तिच्या दुकानात येऊन दोन-दोन फोन शेजारी ठेवून बघायचा आणि विकत कोणीच घ्यायचं नाही. काळे कपडे, पडलेली तोंडं. “हा दाखव, तोही दाखव. बॅटरी किती चालते? बरं, घरी विचारून सांगतो.” आणि गेले.

“मानोंग,” ती मला म्हणायची, “ही माणसं फोन घ्यायला येत नाहीत, माणूस ठेवायला येतात. निदान ठेवल्याचं भाडं तरी द्यावं.”

मानोंग म्हणजे मी. वयाने मोठ्या पुरुषाला आमच्याकडे असंच म्हणतात, मोठ्या बाईला मानांग आणि पोरीला इंदाय, त्यासाठी काही कर्तृत्व लागत नाही. मी रोज तिथे बसायचो कारण माझा फोन दुरुस्तीला होता. सुटा भाग मनिलाहून यायचा होता. तो येऊ नये अशी माझी मनापासून प्रार्थना होती, कारण माझ्या घरात पंखाही धड फिरत नाही.

लोक ज्या दोन फोनांची तुलना करायचे ते बहुतेक वेळा तेच दोन असत. एक निळा, एक काळा. किंमत सारखीच, म्हणजे गरिबाला परवडेल आणि श्रीमंताला लाज वाटेल अशी. पडदा तेवढाच, बॅटरी तेवढीच. निळ्याचा आवाज मोठा, काळ्याचा कॅमेरा चांगला. निळ्याबरोबर चार्जर मिळायचा, काळ्याबरोबर नुसत्या शुभेच्छा. दोन्ही फोन काउंटरवर वायरने बांधून दाराकडे तोंड करून उभे ठेवलेले असत. वर्षभर त्यांनी दुसरं काही पाहिलं नव्हतं, फक्त मयताहून आत येणारी माणसं.

एका दुपारी सालुद आली. तिच्याबरोबर तिची नणंद कोन्सोर होती. सालुदचा नवरा तेर्योंग नुकताच गेला होता. जीपन्यांवर, म्हणजे आमच्या प्रवासी जीपगाड्यांवर, नावं आणि घोडे रंगवायचा. माणूस चांगला, फक्त उंचीला बायकोच्या खांद्याइतका. लग्नाच्या फोटोत तो चर्चच्या पायरीवर उभा आहे आणि सालुद खाली फरशीवर, तरी हिशेब जुळलेला नाही.

“इंदाय,” सालुद रेमालिनला म्हणाली, “स्वस्तातला दाखव. पण तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे.”

“कुणाचं, मानांग?”

“माझं, दुसऱ्या कुणाचं? पोराला बघायचंय मला.”

पोरगा म्हणजे रोंडेल. बोटीवर इंजिनाकडे कामाला. बाप गेला तेव्हा बोट कुठल्यातरी समुद्राच्या मधोमध होती. मातीलाही येता आलं नाही त्याला. त्याने निरोप पाठवला होता, कुठलाही फोन घे आई, पण घे, मला तुझा चेहरा दिसू दे.

रेमालिनने आधी निळा दिला. सालुदने तो तोंडासमोर धरला. पडद्यावर तिचा चेहरा आला आणि चेहऱ्याभोवती पिवळा चौकोन. कॅमेऱ्याला माणूस सापडला की तो असा चौकोन काढतो.

“छान,” कोन्सोर म्हणाली. “हाच घे. चल.”

“अगं, दुसरा तरी बघू दे.”

मग काळा. पडद्यावर सालुदचा चेहरा, त्याभोवती चौकोन. आणि शेजारी दुसरा चौकोन, खांद्याच्या उंचीवर. त्याच्या आत भिंतीवरच्या जाहिरातीचा तुकडा दिसत होता. बाकी काही नाही.

“हा दुसरा कसला गं?”

“सॉफ्टवेअर आहे, मानांग,” रेमालिन म्हणाली. रोजचीच तक्रार असल्यासारखी. “कॅमेरा जरा जास्त चलाख आहे याचा. कंपनीला कळवलंय.”

“मग काय म्हणाली कंपनी?”

“लेन्स पुसा म्हणाली.”

तिने लेन्स पुसली. चौकोन तसाच.

सालुदने मोकळा हात हळूच वर केला आणि खांद्यापाशी हवेत धरला, जसा आपण घरातल्या माणसाच्या डोक्यावर ठेवतो. “योंग?” ती म्हणाली.

चौकोन थोडासा मोठा झाला. माणूस जवळ आला की कॅमेऱ्यातला चौकोन मोठा होतो, एवढं मलाही कळतं. मी स्टूल जरा मागे घेतलं.

“घरी चल,” कोन्सोर एकदम म्हणाली. “निळा घे आणि चल घरी.”

“तूच त्याला इथे सोडलंस.” सालुदने पडद्यावरची नजर हलवली नाही. “दफनाहून येताना मी सरळ घरी जाणार होते. तू मला ओढून आत आणलंस. बॅटरी विचारत बसलीस, चार्जर विचारत बसलीस. तुला फोन घ्यायचा होता का?”

“अगं, सगळेच सोडतात! तुझ्या सासूला नाही आपण त्या बाचोयच्या बाकावर सोडून आलो? तेव्हा बोललीस काही?”

“सासू होती ती.”

ती सासू कोन्सोरची आई होती. कोन्सोरने घाईने तिच्या नावाने क्रूसाची खूण केली.

“बघ सालुद,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “मेलेला घरात आला की जाताना एकटा जात नाही. घरातल्या कुणाचातरी हात धरतो. म्हणून तर थांबतात वाटेत. घरात तुझ्याशिवाय आहे कोण?”

“चाळीस दिवस आहेत त्याच्याकडे,” सालुद म्हणाली. “त्यातले निम्मे गेले. चाळिसाव्याला जप होईल, जेवण होईल आणि तो जाईल, कायमचा. त्या घराचे वासे त्याने रंगवले, दारं त्याने रंगवली, मेला तोही त्याच घरात. आणि कायमचा निघायचा कुठून? फोनच्या दुकानातून? मी त्याला घरातून निरोप देणार. बस्स.”

त्यानंतर कोन्सोर स्टुलावर बसली आणि वारा घेत राहिली. दुकानात चांगली थंडी होती.

रेमालिनने आतून काळ्याचं सीलबंद खोकं आणलं. तो फोन सुरू करून धरला तर पडद्यावर एकच चौकोन, सालुदचा.

“हा नको. तो वायरवाला दे.”

“काउंटरवरचा पीस विकत नाही, मानांग. कंपनीचा नियम आहे.”

“कंपनीला सांग, लेन्स पुसा.”

मी म्हटलं, “देऊन टाक ना पोरी. या दुकानातून फोन विकला गेलाय हे ऐकून मालक आनंदाने आजारी पडेल.”

रेमालिनने फोन वायरीतून सोडवला. नियमाप्रमाणे विकण्याआधी सगळं दाखवायला हवं म्हणून ती एकेक खुबी सांगत गेली. टॉर्च, अलार्म, होकायंत्र. “आणि यात आपोआप फोटो निघतो, मानांग. बटण दाबायला नको. समोरचे सगळे हसले की निघतो.” आमच्या गावात ही सोय कुचकामी आहे. कुठल्याही घरच्या फोटोत एक काका कोणाशीतरी बोलत नसतो.

“सगळे म्हणजे?”

“पडद्यावर जेवढे असतील तेवढे.”

सालुदने फोन उंच धरला आणि ती दुकानाला पाठ करून उभी राहिली, सगळं दुकान मागे येईल अशी. मी पडद्यात न येता बाजूने डोकावून पाहिलं. पाहायला नको होतं.

पडदा चौकोनांनी भरला होता. काउंटरपाशी, स्टुलांवर, भिंतीला टेकून, एकावर एक, चर्चमधल्या सणाच्या गर्दीसारखे. काही अगदी खाली, लेकराच्या उंचीवर. काही माझ्या स्टुलाच्या दोन्ही बाजूंना. सगळे आमच्याकडे तोंड करून. कॅमेरा पाठमोऱ्या माणसाला चौकोन काढत नाही.

फोनवर एक ओळ आली. रेमालिनने ती वाचली, कारण सालुदकडे चष्मा नव्हता. “एकजण अजून हसलेला नाही.”

“कोण?” कोन्सोरने सालुदसमोरच्या स्टुलावरून विचारलं.

“तुम्ही, मानांग सालुद.”

सालुद हसली नाही. फोटो निघाला नाही. तिने फोन खाली केला, पाकिटातून पैसे काढून काउंटरवर ठेवले, आणि पडदा आपल्याकडे धरून उलट्या पावलांनी दाराकडे निघाली. “ये,” ती त्या बुटक्या चौकोनाला म्हणत होती. “पायरी आहे, जपून. नेहमी धडपडतोस.” कोन्सोर तिच्या मागून गेली, पण बऱ्यापैकी अंतर ठेवून, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने.

त्या दिवसापासून दुकानात गार वाटेना. रेमालिनने मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, मशीन उत्तम आहे, हवा पूर्वीइतकीच थंड आहे. मग त्याने घाम पुसला आणि बिल दिलं.

आठवड्याच्या आत सालुद परत आली, एकटी. काळा फोन रुमालात गुंडाळलेला होता.

“बदलून दे, इंदाय. निळा दे.”

“काय झालं, मानांग? चालत नाही?”

“चालतो. जरा जास्तच चालतो.” ती बसली. चेहरा थकलेला, पण डोळे वेगळे, खूप दिवसांनी झोप लागलेल्या माणसासारखे. “घरी नेला. जेवायच्या टेबलासमोर धरला. म्हटलं, योंग, आलो बघ घरी. तर माझा सोडून चौकोन दोन. एक माझ्या शेजारी, उभा. आणि एक त्याच्या खुर्चीवर.”

“कुणाच्या?”

“योंगच्या. खिडकीपाशी ती खुर्ची आहे ना, तिच्यावर. मी त्या दिवशी इथे उभी होते तेव्हा तो इथे नव्हताच. त्याला बॅटरी नि चार्जरमध्ये काय गोडी? तो सरळ घरी गेला होता. आल्यापासून त्याच खुर्चीवर बसून होता आणि मी खुळ्यासारखी त्याला दुकानात शोधत फिरत होते.”

रेमालिनने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

“मग शेजारी उभा तो कोण?” मी विचारलं.

“काय माहीत, मानोंग. उंचीला योंगएवढा आहे. कुणीतरी कुणाचातरी सोडलेला.”

“आणि तो आता...?”

“आहे घरीच. बोलावून आणलं मी त्याला. हाकलू कशी? सकाळी एक ताट जास्त मांडते.” तिने काळा फोन काउंटरवर ठेवला. “पण हा फोन नको. रोंडेलचा फोन आला की हा माझा चेहरा दाखवतच नाही. माझा चेहरा धूसर आणि मागची खुर्ची लख्ख. पोरगा तिकडून ओरडतो, आई, सरळ धर, मला तू दिसत नाहीस. त्याने बाप नाही पाहिला शेवटचा. आई तरी दिसू दे. योंग घरात आहे हे मला कळलं. आता मला बघायचं नाही.”

बदलून द्यायची मुदत अजून होती. रेमालिनने निळा दिला, चार्जरसकट. सालुदने तो तोंडासमोर धरून पाहिला. एक चौकोन. तिने मान डोलावली, रुमाल घडी करून ठेवला आणि समोरून जाणारी जीपनी थांबवून ती गेली.

रेमालिनने काळा फोन पुन्हा वायरीला बांधला आणि सवयीने दुकानावर फिरवला. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत.

“मानोंग.”

“काय?”

“इकडे या.”

पडद्यावर दोनच चौकोन होते. एक माझा, आणि भिंतीवरच्या आरशातून एक तिचा. काउंटर रिकामं. स्टुलं रिकामी. वर्षभरात अर्ध्या मोलोने आणून ठेवलेलं एकही माणूस दुकानात नव्हतं.

“ती उलट्या पावलांनी गेली ना त्या दिवशी,” रेमालिन हळूच म्हणाली. “‘ये’ म्हणाली. आपल्याला वाटलं एकालाच म्हणतेय.”

“तिने घरी दोनच पाहिले.”

“तिने टेबलासमोर धरला होता. बाकीच्या घरावर फिरवला का, विचारलंत?”

विचारलं नव्हतं. सालुदच्या घरात एकच मोठी खोली आहे आणि मागे स्वयंपाकाची जागा. तिथे सगळे मावले असतील तर खांद्याला खांदा लावूनच. तिला जाऊन सांगावं का, यावर आम्ही दोघांनी बराच खल केला. रेमालिन म्हणाली, नियमाप्रमाणे एकदा बदललेली वस्तू परत बदलता येत नाही. ते कशाबद्दल म्हणाली, मी विचारलं नाही.

चाळिसाव्या दिवशी सालुदकडे मला आमंत्रण होतं. मी जायला जरा वेळ लावला, म्हणजे जेवणाची वेळ टळणार नाही इतकाच. अंगणात टेबलं मांडली होती. शेवया, भाजलेलं डुक्कर, पानात बांधलेला चिकट गोड भात. जपमाळ सांगणारी बाई आत बसली होती, पण शेजारपाजारचे सगळे बाहेर अंगणात उभे होते. ऊन चांगलंच होतं, तरीही.

“आत का नाही जात?” मी एकाला विचारलं.

“जागा नाही,” तो म्हणाला. मी दारातून डोकावलं. खोलीत जप सांगणारी बाई, सालुद आणि कोन्सोर. तिघीच. बाकीची खोली मोकळी होती. मीही आत गेलो नाही. खरंच जागा नव्हती.

जप संपला. सालुद उठली. कोणाला काही न सांगता ती दाराशी आली आणि तिने दोन्ही कवाडं पुरती उघडली. मग एका बाजूला सरकून उभी राहिली, जसे आपण पाहुणे निघताना राहतो.

दाराला मण्यांचा पडदा होता. वारा नव्हता. तो पडदा मधोमध थोडा बाजूला झाला आणि परत जागेवर आला. सालुदने मान लववली. पडदा पुन्हा बाजूला झाला. तिने पुन्हा मान लववली. “सावकाश जा,” ती म्हणाली. पडदा हलला. “सावकाश जा.” मग अगदी खालचे दोन-तीन मणीच हलले आणि ती थोडी वाकली, लेकराशी बोलायला वाकतात तशी, आणि काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

अंगणात कोणी घास तोंडात घेत नव्हतं. एका माणसाला घराबाहेर पडायला इतका वेळ लागत नाही. उन्हं भिंतीवरून खाली सरकली, तरी तो पडदा थांबून थांबून हलतच होता आणि सालुद प्रत्येकाला मान लववत होती. अंगणातली माणसं मधून वाट सोडून दोन्ही बाजूंना सरकली. कोणी तसं सांगितलं नव्हतं. त्यातल्या पुष्कळांनी कधी ना कधी त्या दुकानात बॅटरीची चौकशी केलेली होती. ती माणसं जमिनीकडे बघत उभी होती.

सालुदची सासूही त्यांत होती का, मी सांगू शकत नाही. पण एकदा पडदा हलला तेव्हा कोन्सोर एकदम उठून उभी राहिली आणि तिने केस सारखे केले.

मग तो बुटका आला असावा. सालुदने खांद्याच्या उंचीवर हात धरला आणि म्हणाली, “तुझं नावही नाही रे कळलं. जेवलास ना पोटभर? जा आता.”

पडदा हलायचा थांबला.

सालुद आत वळली. खिडकीपाशी खुर्ची होती, रिकामी. ती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. “योंग,” ती म्हणाली, “आता तू. मी सगळ्यांना आधी जाऊ दिलं, म्हणजे मागून कोणी ढकलायला नको.”

खुर्ची करकरली. जुनी आहे, एरवीही करकरते. सालुद उलट्या पावलांनी दारापर्यंत आली, एक हात पुढे धरून, कोणाला तरी चालवत आणल्यासारखी. कोन्सोर भिंतीला टेकून उभी होती आणि तिची नजर वहिनीच्या त्या हातावर होती, कोणी तो धरतंय का, सोडतंय का.

उंबऱ्याशी सालुद थांबली. बराच वेळ थांबली. मग तिने हात मागे घेतला आणि पदरासारखा स्वतःच्या पोटाशी धरला. पडदा एकदाच हलला, जोरात, मणी मण्यांवर आपटले आणि शांत झाले.

तेवढ्यात आत फोन वाजला. निळा. त्याचा आवाज मोठाच आहे, अंगणातले सगळे दचकले. सालुदने तो घेतला आणि तोंडासमोर धरला. पडद्यावर रोंडेल होता, पाठीमागे बोटीची लोखंडी भिंत.

“आई! दिसतेस गं, स्वच्छ दिसतेस. झालं का सगळं?”

“झालं रे. आत्ताच गेले सगळे.”

“सगळे कोण?”

“पाहुणे.”

त्याने तोंड पडद्याच्या जवळ आणलं. तिचा चेहरा नीट पाहून घेतला.

“बाबा घरातून गेले ना?” त्याने विचारलं.

“घरातूनच,” सालुद म्हणाली.